माळवदाचे जुने घर पाडावे का?

प्रश्न : गावाकडचे आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर पणजोबांनी बांधलेले असून त्याच्या काळ्या दगडाच्या भिंती अडीच फूट जाड आहेत. किल्लारीच्या भूकंपात अशीच घरे पडली, म्हणून ते पाडावे असे घरातील मंडळी म्हणतात. आपले मत काय? – एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : घरच्यांची भीती निराधार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अशा घरांनीच हजारो माणसांना गाडले. तरीही दोष दगडाचा नव्हता, असे माझे ठाम मत आहे. अडीच फुटांची भिंत एकसंध दिसली, तरी बहुधा ती दोन पडद्यांची असते आणि मधल्या पोकळीत माती व कपच्यांची भर असते. दोन्ही पडद्यांना सांधणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्यासरशी भिंतीचे पोट फुटते. त्यातच गळती थांबवण्यासाठी पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवला जाई, पण जुना मात्र कोणी खरवडत नसे. एक फूट जाडीच्या मातीचे ओझे दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन भरते, आणि कित्येक माळवदांवर दोन-दोन फूट माती साचलेली होती.

याउलट, ज्या घरांत तुळयांचा भार भिंतींवर न येता लाकडी खांबांवर होता, अशा अनेक घरांच्या भिंती ढासळूनही माळवद जागेवर राहिले. म्हणून आधी माजघरात उभे राहून वर पाहा. भिंतीलगतही तळखड्यावर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडावर) उभे खांब असतील आणि तुळई त्यांच्यावर टेकली असेल, तर पणजोबांनी अर्धे काम करून ठेवले आहे. खांबांचे बुंधे वाळवीसाठी ठोकून पाहा. बद्द आवाज आला, तर लाकूड आतून पोखरलेले समजावे.

नंतर माळवदावरची माती वीतभर थरापर्यंत उतरवा. फुगलेली भिंत तेवढ्यापुरती सोडवून आरपार दगड घालून पुन्हा बांधावी. शाबूत भिंतीत दर दोन फूट उंचीवर, सुमारे चार-चार फुटांच्या अंतराने आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरता येते. मात्र हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हावे. बळद (भिंतीतील धान्य साठवण्याची पोकळी) किंवा मोठे कोनाडे असलेली भिंत सर्वप्रथम तपासा, कारण तेथे जाडी बरीच कमी झालेली असते. माती उतरवताना सवण्याचा (उजेडासाठी माळवदात ठेवलेल्या झरोक्याचा) काठ मात्र उंचच ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी थेट माजघरात येईल.