पुरात रेशनकार्ड गेलं: एफडी मोडायची की सवलतीची वाट पाहायची?

प्रश्न परंडा तालुक्यातून आला आहे. सप्टेंबर 2025 च्या पुरात घरात पाणी शिरलं, कागदपत्रं वाहून गेली. सामान हलवताना वडील पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय 71, पण आधारवर जन्मसाल 1958. खासगी रुग्णालयाने 1 लाख 90 हजारांचा अंदाज देऊन 60 हजार अनामत मागितली आहे. बँकेत 3 लाखांची एफडी आहे. स्वतःच्या आरोग्य पॉलिसीचा 14,600 रुपयांचा वार्षिक हप्ताही तोंडावर आला आहे. ‘मोफत उपचारांच्या सरकारी योजनेत पूरग्रस्तांना रेशनकार्डाची अट शिथिल होणार म्हणतात, तोवर थांबू की एफडी मोडू?’

थांबू नका, आणि एफडीही मोडू नका. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते. म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, शय्याव्रण, रक्ताच्या गुठळ्या हे सगळं मागे लागतं. शासन निर्णय निघून तो रुग्णालयाच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत इतका वेळ तुमच्याकडे नाही.

शिवाय आपत्तीनंतरची शिथिलता कागद आणि मुदतीपुरती असते किंवा पात्रतेचा परीघ वाढवते. करोनात मे 2020 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना तात्पुरती खुली झाली, ती याच प्रकारची सवलत. आता तर 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने शुभ्र कार्डधारकही योजनेत आले आहेत आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. म्हणजे तुम्ही मुळात पात्र आहात. तुमच्या हातातून फक्त कागद गेला आहे, सरकारी नोंद जागेवर आहे.

रेशन दुकानदाराकडे जा. त्याच्या पॉस मशीनवर आधार टाकलं की 12 अंकी कार्ड क्रमांक मिळतो. ‘मेरा राशन’ ॲपवरही निघतो. वडिलांचं ई-आधार डाउनलोड करा. मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर आधार केंद्रावर अंगठा देऊन प्रत मिळते. केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड निघत असेल तर तेही काढून घ्या. दुय्यम रेशनकार्डाचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या, पण शस्त्रक्रिया त्यावर अडवून ठेवू नका. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत सोबत असू द्या. कागद का नाहीत, याचा तो पुरावा आहे.

सत्तरीपुढच्यांना फक्त आधारवर मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड तुम्हाला आत्ता उपयोगाचं नाही. तिथे आधारवरचंच वय धरतात आणि त्या हिशेबाने वडील 67 चे आहेत. जन्मसाल दुरुस्त करायच्या मागे या आठवड्यात लागू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सध्याचं रुग्णालय योजनेत अंगीकृत (म्हणजे यादीत सामील) आहे का, आणि अस्थिरोगासाठी आहे का, हे 155388 वर विचारा. अनेक रुग्णालयं हृदयरोगासाठी योजनेत असतात, हाडांसाठी नसतात. काही उपचार सरकारी रुग्णालयांना राखीव आहेत, तेही याच फोनवर विचारून घ्या. रुग्णालय योजनेत नसेल तर अनामत भरण्याआधीच हलवा. ही योजना रोकडरहित आहे. आधी भरलेलं बिल मागाहून परत मिळत नाही आणि बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. दाखल होताच आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाकडे, नोंदणी करा. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर द्यायचे; किती दिवसांत, ते त्याच्याकडून लिहून घ्या. पॅकेजमध्ये तपासण्या, इम्प्लांट, रुग्णाचं जेवण आणि घरी सोडल्यानंतर 10 दिवसांपर्यंतची औषधं येतात. ‘इम्प्लांटचे वेगळे पैसे द्या’ म्हणाले तर देऊ नका, पावती मागा आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा.

गावात आणखी एक गोष्ट ऐकायला मिळेल: आपत्ती निधीतून जखमींना पैसे मिळतात. मिळतात. आठवड्यापेक्षा जास्त दिवस दाखल असल्यास 16,000 आणि त्याहून कमी असल्यास 5,400 रुपये. मात्र राज्यात फुले योजनेसोबत एकत्र चालणाऱ्या आयुष्मान भारतमधून उपचार घेतले तर ही मदत देय नाही. 1 लाख 90 हजारांच्या बिलापुढे 16,000 साठी योजना सोडणं परवडणारं नाही. दोन दिवसांच्या किरकोळ दुखापतीत हिशेब उलटा होऊ शकतो, तुमच्या बाबतीत होत नाही.

तरीही हातात 40 हजार लागतील: वॉकर, फिजिओथेरपी, सोबत राहणाऱ्याचा खर्च, पुढच्या फेऱ्या. त्यासाठी एफडीवर कर्ज घ्या. बँका साधारण 90 टक्क्यांपर्यंत देतात आणि व्याज एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतं. 9 टक्क्यांनी 40 हजारांचं सहा महिन्यांचं व्याज 1,800 रुपये होतं. पूर्ण 3 लाख मात्र एफडीचं व्याज मिळवत राहतात. मोडलीत तर पूर्ण 3 लाखांवर कमी दर लागेल, आणि रब्बीच्या बियाण्याला हात मोकळा राहणार नाही.

पॉलिसीचा हप्ता याच कर्जातून वेळेवर भरा, तेवढी रक्कम वाढवून घ्या. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची वाढीव मुदत असते. त्या मुदतीत भरल्यास आधीच्या आजारांसाठी मोजलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही, पण देय तारीख ते भरणा या मधल्या दिवसांतल्या आजाराला संरक्षण नसतं. पुरानंतर लेप्टो आणि डेंग्यू वाढतात, नेमके तेच दिवस उघडे ठेवू नका. मोठ्या आपत्तीनंतर विमा नियामक कंपन्यांना दावे लवकर आणि कमी कागदांवर निकाली काढायला सांगतो, पण त्यामुळे हप्ता माफ होत नाही.

योजनेतलं रुग्णालय जवळ मिळालंच नाही, तर धर्मादाय रुग्णालयात जा. तिथे 10 टक्के खाटा वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असलेल्यांना मोफत असतात, आणि आणखी 10 टक्के खाटा 3 लाख 60 हजारांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीत. उत्पन्नाचा दाखला लागतो. तलाठ्याकडे पंचनाम्याची प्रत घ्यायला जाल, तेव्हाच त्याचंही काम सुरू करून या.