गाइडबुक छापण्याआधी

गडवाटांचं गाइडबुक स्वतःच छापणार असशील, तर पहिल्याच आवृत्तीला भरमसाट प्रती काढू नकोस. पलंगाखाली गठ्ठे पडून राहतात आणि तोवर वाटा बदलतात. एका पावसाळ्यात दरड कोसळली की ‘डावीकडची पायवाट’ गायब! हरिश्चंद्रगडच घे. पाचनई गावातून, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून आणि बेलपाड्याहून अरुंद घळीतून चढणारी नळीची वाट, वर जायच्या या तिन्ही वाटा निराळ्या. नळीच्या वाटेला नुसतं ‘कठीण’ लिहून भागत नाही. दोर कुठे लागेल, शेवटचं पाणी कुठे, हे हवंच. गडावरची पाण्याची टाकी एप्रिलमध्ये जाऊन बघ, श्रावणात काय, सगळीच भरलेली असतात. बांधणी शिवूनच घे, नुसत्या गोंदावरची पानं सॅकमध्ये सुटतात. आणि घरच्यांचं मानधन पहिल्यापासून वहीत मांड, नाहीतर प्रुफं तपासणारी वहिनी कायम फुकट राबते.