आरसी आजोबांच्या नावावर असेल तर आधी ते बघ, स्टिअरिंगचं नंतर

तुझी पोस्ट दोनदा वाचली. दोन टिप्पर, धंदा वडील आणि चुलत्यांचा, दोन्ही गाड्यांची आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, वारलेल्या आजोबांच्या नावावर, जुना ड्रायव्हर सोडून गेला, आणि तू विचारतोस की नोकरी सोडून मीच गाडीवर बसू का. खाली लोकांनी डिझेलचोरी, ॲव्हरेज, ड्रायव्हरचा पगार यावर भरभरून लिहिलंय. आजोबांच्या नावाला मात्र एकानंही हात लावला नाही. म्हणून थोडं लांबण लावतोय. लायसन्स, परमिट, पीयूसी तुला माहीत असणारच, ते सोडून देतो.

आम्ही औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. नंतर 52 गावं नव्या जागी वसवायची म्हणून खडी, वाळू, मुरमाला कधी नव्हे एवढी मागणी आली. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी, तेव्हा एक जुना ट्रक घेतला. पुढं टिप्पर आले, मग दहा चाकी हायवा, म्हणजे मोठा टिप्पर. बारावीनंतर मी आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर म्हणून त्यांच्याच हाताखाली तयार झालो. सगळ्या गाड्या तात्यांच्या नावावर. घर एक, चूल एक, मग नावं चार कशाला, असा सरळ हिशोब होता.

तात्या गेले, तेरावा झाला, आणि चौदाव्या दिवशी गाडी परत खडीच्या क्रशरला लागली. मालक वारल्यावर वारसानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घ्यायची असते, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. एजंट म्हणायचा, ‘चालतंय की, कोण बगायलंय!’ इन्शुरन्ससुद्धा तात्यांच्याच नावानं रिन्यू होत राहिला. मोबाईलवर पैसे भरले की पॉलिसी येते, मालक जिवंत आहे का हे तिथं कोण विचारतंय? पण मालक वारल्यावर ती पॉलिसी फार तर तीन महिने चालते, हे तिच्याच अटींत लिहिलेलं असतं.

पुढं एका रात्री खडी भरून येताना वाटेत पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटला. मिस्त्री मिळून काम होईपर्यंत रॉयल्टीच्या पावतीची, म्हणजे खडी वाहायच्या सरकारी कागदाची, वेळ संपली आणि नेमकं त्याच रात्री तपासणी पथक आडवं आलं. माल पावतीचा, क्रशर परवान्याचा, संपली होती फक्त वेळ. तरी गाडी कार्यालयाच्या आवारात गेली. इथवर ठीक. दंड किती, खुलासा काय, हे भांडून सुटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या माणसानं आरसी बघितली आणि म्हणाला, ‘मालकाला घेऊन या.’

‘मालक वारलेत, साहेब.’

‘मग त्यांची सही कोण करणार?’

हा प्रश्न तो खरंच मला विचारत होता. तिथून जे सुरू झालं ते पावसाळा संपला तरी संपलं नाही. आधी मृत्यूचा दाखला. मग वारसांचा. मग काकू, दोन्ही चुलतभाऊ आणि पुण्यात दिलेली बहीण या सगळ्यांची संमतीपत्रं, तीही वेगवेगळ्या स्टॅम्पवर. एक कागद नेला की पुढच्याचं नाव कळायचं, सगळी यादी एका दमात कुणी दिली नाही. ‘काय काय लागतं ते लेखी द्या’ म्हटलं की साहेब मीटिंगला, नाहीतर व्हिडिओ कॉन्फरन्सला, नाहीतर इलेक्शन ड्युटीवर. मधेच गाडीचा फिटनेस, म्हणजे ती रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, संपला. गाडी नावावर करायला फिटनेस चालू पाहिजे, फिटनेसला गाडी दाखवावी लागते, आणि गाडी सोडायला ती आधी नावावर पाहिजे. या तिन्ही गोष्टी मला तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर अगदी शांतपणे समजावून सांगितल्या गेल्या. वकील लावून वर अपील केलं तेव्हा कुठं गाडी सुटली. तोवर बॅटरी गेली, डिझेल गेलं, स्टेपनी गेली, मागचे दोन टायर बदलून गुळगुळीत बसवलेले. हप्ते मात्र चालूच होते. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.

मी वकील नाही, नियम बदलत असतात, तेव्हा माहितगाराला विचारूनच पाऊल उचल. पण माझं मत विचारशील तर या आठवड्यात दुसरं काही करू नको. आजोबांचे वारस कोण कोण ते कागदावर लिही. आत्या असतील तर त्याही आल्या, त्यांना वगळून काही होत नाही. नातं गोड आहे तोवरच सह्या घे. तीन महिने उलटले असले तरी नावावर करून घे, लेट फी लागली तर लागू दे. फायनान्स बाकी असेल तर आधी कंपनीकडून ना-हरकत घे. दोन गाड्या दोन भावांच्या नावावर केल्या तर उत्तम. हे मोठ्यांपुढं बोलताना जड जाईल, ‘वाटणी मागायलास का?’ असंही विचारतील. विचारू दे.

गाडी कधी पकडलीच, तर पंचनाम्यात टायरचे नंबर, बॅटरी, स्टेपनी, जॅक आणि किलोमीटर लिहून घेतल्याशिवाय सही करू नको, फोटो काढून ठेव. प्रत्येक अर्ज आवक-जावकला दे आणि आपल्या प्रतीवर शिक्का घे. तोंडी विनंती म्हणजे केलीच नाही असं समज. वाटेत गाडी बिघडली तर लगेच क्रशरवाल्याला फोन कर आणि मिस्त्रीची वेळ घातलेली पावती घे. हमखास सुटका होईल असं नाही, पण अपिलात आम्हाला तेवढाच आधार होता.

आता स्टिअरिंगचं. चालव, जरूर चालव, पण एक सीझन. गाडीला काय होतं, पाट्याचा आवाज कसा येतो, डिझेल कुठं मुरतं, हे बसल्याशिवाय कळत नाही. कायमचं मात्र नको. रात्रभर गाडी हाकणारा मालक दिवसा झोपतो, आणि ठेकेदाराकडची बिलं दिवसाच निघतात. आमची निम्मी उधारी अशीच बुडाली.

भरताना ब्रासच्या मोहात पडू नको. दहा चाकीला 2018 पासून गाडी आणि माल मिळून 28.5 टन चालतं, पण तुझ्या आरसीवर जो आकडा आहे तोच धर. ब्रास म्हणजे 100 घनफूट, पण ओल्या वाळूचा आणि कोरड्या खडीचा ब्रास काट्यावर सारखा भरत नाही. ओव्हरलोडला 20 हजार, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार.

आणि ओला मुरूम खाली करताना फार जप. पावसाळ्यात तो डाल्याला, म्हणजे मागच्या हौद्याला, चिकटतो, एका अंगाचा सुटतो, दुसऱ्या अंगाचा वरच राहतो. मग पोरं डाला वर असतानाच गाडी पुढं-मागं हिसकतात. काळ्या मातीत एक चाक दबलेलं असलं की गाडी तिथंच आडवी. डाला खाली घे, फावड्यानं मोकळं कर, मग परत उचल. उचलण्याआधी डोक्यावर तार आहे का बघ, आणि डाला पूर्ण बसल्याशिवाय गिअर टाकू नको. उचललेल्या डाल्याखाली टेकू न लावता कुणालाही शिरू देऊ नको, हायड्रॉलिकवर भरवसा ठेवून तर नाहीच.

दोन्ही गाड्यांची पासिंग कुठली, एमएच 24 की दुसरी, आणि फिटनेस कधी संपतोय ते इथं लिही. आठ वर्षांपुढची गाडी असेल तर फिटनेस दरवर्षी लागतो. तो महिना-दोन महिन्यांवर आला असेल तर आत्याबाईंकडं उद्याच जा.