इंजिनिअरिंगनंतर दोन वर्षं वस्तीतल्या शाळेत शिकवायची फेलोशिप घ्यावी का? पोरांना खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात एका फेलोशिपवाल्यांचं सेशन झालं, दोन वर्षं वस्तीतल्या शाळेत फुल टाइम शिकवायचं, तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात, आयटीची एक ऑफर हातात आहे, घरचे नको म्हणतायत, आणि तुम्हाला कळत नाहीये की असल्या नवख्या ग्रॅज्युएट लोकांना शाळेत पाठवून पोरांचा काही फायदा होतो की फक्त आपल्या बायोडाटाचा.

फॉर्म भरा. हे आधीच सांगून टाकते कारण पुढं मी बरंच काही विरोधात वाटेल असं लिहिणारे.

मी लातूरची, इंजिनिअरिंग पुण्यात केलं आणि अशाच एका फेलोशिपमधून पुण्यातल्या एका वस्तीजवळच्या कमी फीच्या इंग्लिश मीडियम शाळेत दोन वर्षं चौथी-पाचवी शिकवली. नंतर काही वर्षं कॉलेजांमध्ये जाऊन सेशन घेणं, मुलाखतीला पॅनेलवर बसणं हेही केलं. म्हणजे तुमच्यासमोर जे लोक स्लाइड्स दाखवून गेले ना, त्यांच्या जागी मी उभी राहिलेली आहे.

ही कल्पना मूळची अमेरिकेतली. वेंडी कॉप नावाच्या मुलीनं १९८९ मध्ये प्रिन्स्टनला शेवटच्या वर्षाच्या प्रबंधात ती मांडली आणि १९९० मध्ये टीच फॉर अमेरिकाची पहिली सुमारे ५०० जणांची बॅच शाळांमध्ये गेली. आपल्याकडं शाहीन मिस्त्री, ज्यांनी त्याच १९८९ मध्ये मुंबईत झेवियर्सला शिकत असतानाच आकांक्षा सुरू केली होती, त्यांनी २००८ मध्ये टीच फॉर इंडिया काढलं आणि २००९ पासून मुंबई-पुण्यातल्या शाळांमध्ये फेलो, म्हणजे अशी फेलोशिप घेतलेले तरुण, शिकवायला लागले. आता इतरही काही संस्था वेगवेगळ्या प्रकारे हेच करतात, ढाचा बहुतेक सारखा, कॉलेजातून निघालेली हुशार पोरं निवडायची, उन्हाळ्यात काही आठवडे ट्रेनिंग द्यायचं आणि जूनला वर्गात उभं करायचं.

आता जूनमध्ये काय होतं ते सांगते.

माझ्या वर्गात ४२ पोरं होती. ट्रेनिंगमध्ये मी लेसन प्लॅन लिहायला शिकले होते, प्रत्येक तासाचं उद्दिष्ट फळ्यावर लिहायचं, शेवटी दोन प्रश्न विचारून पोरांना समजलं का ते बघायचं, सगळं मनापासून केलं, रात्री एक-एक वाजेपर्यंत चार्ट रंगवले. पोरं खूष, मी खूष. ऑगस्ट उजाडला आणि एक दिवस इंग्रजीच्या तासाला एक मुलगा उभा राहून धडा वाचत होता, न अडखळता, बोट ओळीवर ठेवून, आणि मी सहज त्याच्या मागं जाऊन उभी राहिले तर पुस्तकाचं पान दुसरंच उघडलेलं होतं. त्याला तो धडा पाठ होता. शेजारच्या पोरानं वाचलेलं ऐकून ऐकून पाठ केलेला, आणि बोट नुसतंच फिरत होतं. दोन महिने मी त्याला 'गुड रीडिंग' म्हणत होते.

त्या शनिवारी एकेकाला जवळ बसवून तपासलं, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या असर सर्वेक्षणात पोरांचं वाचन तपासतात तसं, आधी अक्षर, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. निम्म्या पोरांना इंग्रजी शब्दही वाचता येत नव्हता, आणि त्यातल्या आठ-नऊ जणांना मराठी किंवा हिंदीतली अक्षरंसुद्धा नीट ओळखता येत नव्हती. चौथीत. मी त्यांना अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणं घालत होते. (आणि हे फक्त माझ्या वर्गाचं नाही, असरच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला.) वाईट याचं वाटलं की मला वाचायला शिकवायचं कसं हेच माहीत नव्हतं, मला स्वतःला कोणी कसं शिकवलं ते आठवत नव्हतं, आणि काही आठवड्यांच्या ट्रेनिंगमध्ये प्रेरणा आणि लीडरशिप यावर जितकी सेशन झाली त्याच्या पावपटही बाराखडी, जोडाक्षरं, फोनिक्स (अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकवणं) यावर झाली नव्हती. शेवटी शाळेतल्याच बालवाडीच्या बाईंच्या पाया पडल्यासारखं करून त्यांच्याकडून शिकले. त्या मधल्या सुट्टीत मला वाळूत अक्षरं गिरवून घ्यायला, शब्दांच्या पट्ट्या करायला, एकाच अक्षराचे दहा शब्द पोरांकडूनच काढून घ्यायला शिकवायच्या. त्यांचा पगार माझ्या स्टायपेंडपेक्षा कमी होता हे मला डिसेंबरात कळलं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे की पहिले सहा महिने फायदा तुमचा होतो, पोरांचा फार नाही. तिथून पुढं पोरांचा होतो, पण तुम्ही सुट्ट्या न घेता, न रुसता, रोज येत राहिलात तर.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि त्यावर कोणी बोलत नाही. वर्गातली एक मुलगी दर आठवड्याला एक-दोन दिवस गैरहजर असायची. माझ्यासोबत त्याच इयत्तेच्या दुसऱ्या तुकडीला दिल्लीचा एक फेलो होता, अतिशय मेहनती, माझ्यापेक्षा दहापट चांगलं गणित शिकवणारा, ती मुलगी आधीच्या वर्षी त्याच्याकडं होती आणि तो तीनदा तिच्या घरी जाऊन आलेला, आई दारातच 'तब्येत ठीक नही' म्हणून परत पाठवायची. मी गेले तेव्हा ती बाई भांडी घासत होती आणि मला ओळखीचं काही बोलायचं म्हणून माझ्या तोंडून सहज निघून गेलं, 'काय करूलालाव मावशी?' त्यांनी मान वर केली. 'तुमी आमच्याकडच्या का ओ?' त्या उदगीरकडच्या निघाल्या. मग आत बोलावलं, चहा झाला, आणि अर्ध्या तासात सगळं कळलं, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही, ज्या दिवशी त्यांना दोन जास्तीची घरकामं मिळतात त्या दिवशी मुलगी घरी राहते. तोडगा अवघड नव्हता, धाकट्याला अंगणवाडीत घातलं, तिथल्या ताईंशी मीच बोलले, आणि ती मुलगी यायला लागली. दिल्लीच्या मित्राचं प्रेम कमी होतं असं अजिबात नाही, त्याच्याकडं ते एक वाक्य नव्हतं.

पुढं मी पॅनेलवर बसायला लागले तेव्हा हे मला माहीत असूनही मी काय केलं ते ऐका. निवडीत पाच मिनिटांचा नमुना तास घ्यायला लावायचे, मग ग्रुप ॲक्टिव्हिटी, मग मुलाखत, सगळं इंग्रजीत. नांदेडकडचा एक मुलगा आलेला, बीएस्सी केमिस्ट्री, गावात तीन वर्षं दहावीच्या पोरांची फुकट शिकवणी घेत होता. तास घेताना दोनदा अडकला, शब्द सुचेना, घामाघूम झाला. त्याच्यानंतर एक मुलगी आली, डिबेट चॅम्पियन, असा तास घेतला की आम्ही टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या कागदावर कम्युनिकेशनला कमी मार्क दिले आणि त्याचा नंबर गेला. ती मुलगी पहिल्याच दिवाळीनंतर सोडून गेली, तिच्या घरच्या अडचणी होत्या, दोष देत नाही. पण त्या वर्गाला अर्ध्या वर्षात दुसरी दीदी बघायला लागली. मला तो नांदेडचा मुलगा अजून आठवतो. त्याला मी मराठीत तास घ्यायला सांगायला हवं होतं, तेवढा अधिकार मला होता, मी वापरला नाही.

माझं म्हणणं आता ठाम झालंय की या फेलोशिपांनी भरतीसाठी झेवियर्स, फर्ग्युसन, आयआयटीला जावं तसंच उदगीर, परभणी, यवतमाळ, नंदुरबारच्या कॉलेजांमध्ये जावं आणि निवडीचा एक टप्पा तरी पोरांच्या आईवडिलांच्या भाषेत घ्यावा. वस्तीत राहणारे बरेच लोक तिकडूनच आलेत.

आणि याला आधार आहे. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ मध्ये प्रथम संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास झाला, अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो (२०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते) यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला. बालसखी म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली, बहुतेक दहावी-बारावी झालेल्या, महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन. शाळेच्या वेळातच दोन तास तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या १५-२० पोरांना वेगळं घेऊन बसायच्या आणि फक्त पायाभूत वाचन आणि आकडेमोड शिकवायच्या. पोरांचे मार्क चांगले वाढले आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागच्यांना झाला. याच्या शेजारी २००४ चा मॅथेमॅटिका या संस्थेचा टीच फॉर अमेरिकावरचा अभ्यास ठेवून बघा, त्यात नामांकित कॉलेजातून आलेल्या त्या तरुण शिक्षकांची मुलं गणितात इतरांपेक्षा साधारण एका महिन्याच्या शिकवण्याइतकी पुढं गेली, वाचनात फरक पडला नाही. हे वाचलं तेव्हा मला माझा ऑगस्ट आठवला. बालसखीतली अजून एक गोष्ट लपवणार नाही, कार्यक्रम संपल्यावर एका वर्षात ती वाढ बरीचशी ओसरली. म्हणजे कोण शिकवतंय इतकंच ते गेल्यावर मागं कोण आहे हेही बघावं लागतं.

आता एक आक्षेप तुमच्या घरचे घेणार नाहीत पण एखादा डीएड झालेला मित्र नक्की घेईल, आणि त्याचं बरोबर असेल. आपल्या राज्यात २०१२ नंतर कितीतरी वर्षं शिक्षक भरती जवळजवळ बंद होती, डीएड-बीएड करून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास झालेली पोरं शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसली, कित्येकांची वयं निघून गेली. निवड झाली तरी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची, प्राथमिकला ते बरीच वर्षं महिना ६००० रुपये होतं, २०२३ मध्ये १६००० झालं. अशा वेळी इंजिनिअर पोरगी चार-पाच आठवडे शिकून वर्गात उभी राहते आणि पेपरात फोटो येतो, त्याला काय वाटत असेल? फेलो हा कायम शिक्षकाला पर्याय नाही, शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यात प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक सांगितलाय तो सरकारनं नेमायचाच आहे. फेलोनं त्याच्या जोडीला बसून मागं राहिलेल्या दहा पोरांना घ्यावं, हे मला पटतं. कोणी तुम्हाला शिक्षकाच्या रिकाम्या जागेवर स्वस्तात बसवत असेल तर तसं तोंडावर विचारा.

विचाराच. हे पण विचारा की शाळा कुठली, माध्यम कुठलं, इयत्ता कधी कळणार, पूर्ण वर्ग माझा की कोणाच्या हाताखाली, वाचन शिकवायचं ट्रेनिंग नेमकं किती दिवसांचं, स्टायपेंड हातात किती येतो आणि बाहेरगावच्यांना घरभाडं वेगळं मिळतं का, आणि मी गेल्यावर माझ्या वर्गाला कोण येणार. शेवटच्या प्रश्नाला गोल गोल उत्तर आलं तर जरा सांभाळून.

घरच्यांचं म्हणाल तर माझे बाबा चार महिने नीट बोलले नाहीत. 'इंजिनिअर केलं ते मास्तरीण व्हायला का' एवढंच एक वाक्य. मी वाद घातला नाही, पहिल्या वर्षाच्या शेवटी त्यांना शाळेत घेऊन आले. तो पान चुकलेला मुलगा त्यांच्याशेजारी बसला आणि त्यानं त्यांना मराठी पेपरातली हेडलाइन वाचून दाखवली, हळूहळू, पण बघून. बाबा त्याला म्हणाले, 'पुढची वाच.' लातूरला परत जाताना मला काही बोलले नाहीत, पण पुढच्या जूनला जुने पेपर गठ्ठा बांधून पाठवले, वर्गासाठी.

ऑफरचं तुमचं तुम्ही बघा, घरावर कर्ज असेल तर आधी नोकरी करा, दोन-तीन वर्षांनी आलात तरी चालतं, उलट थोडं जग बघून आलेला माणूस वर्गात जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे. पण फॉर्म भरायच्या आधी एक काम करा, तुमच्या कॉलेजच्या जवळच्या कुठल्याही शाळेत हेडमास्तरांची परवानगी काढून आठ दिवस रोज एक तास तिसरीतल्या फक्त पाच पोरांना वाचायला घेऊन बसा. चौथ्या दिवशी कंटाळा येईल, पाचव्या दिवशी परत जावंसं वाटतंय का ते बघा.

आणि नमुना तासाची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा, रविवारी सकाळी मी मोकळी असते, फोनवर तयारी करून घेईन. आधी मराठीत घ्यायचा, मग इंग्रजीत.