बायोटेक नको, केमिस्ट्रीच करू द्या

ताई, तुमची लेक टीवाय बीएस्सीला केमिस्ट्री घेऊन आहे. जिवंत माशातलं जस्त चमकणाऱ्या रेणूंनी दिसतं, हे कळल्यापासून तिला तेच करायचंय. मग एमएस्सी बायोटेकला करावी का आणि प्राणी कापावे लागतील का, असं तुम्ही विचारलंय.

एमएस्सी केमिस्ट्रीतच करू द्या, शक्यतो ऑरगॅनिक. या चमकणाऱ्या रेणूला प्रोब म्हणतात. त्याचा एक भाग धातू पकडतो, दुसरा प्रकाश देतो. दोन्ही जोडणं हे सिंथेसिसचं, म्हणजे रेणू बनवण्याचं काम. लागेल ते जीवशास्त्र पीएचडीत शिकता येतं, सिंथेसिसचा हात मात्र रोज रिअ‍ॅक्शन लावून आणि कॉलम चालवूनच (म्हणजे तयार झालेला पदार्थ वेगळा काढूनच) बसतो.

तिला आवडतंय का, हे कॉलेजच्या लॅबमध्येच कळेल. सरांना विचारून ऑक्झिनचं (८-हायड्रॉक्सीक्विनोलीन) अल्कोहोलमधलं पातळ द्रावण घ्यावं, त्यात झिंक सल्फेटचे थेंब टाकून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली धरावं. पिवळट हिरवी चमक येते. जास्तीचं ईडीटीए घातलं की ते जस्त ओढून घेतं आणि चमक मावळते. जस्ताऐवजी कॉपर सल्फेट घेतलं तर चमकच येत नाही, कारण तांबं प्रकाश विझवतं. तांब्या-लोहाचे प्रोब बनवणं अवघड जातं ते यामुळेच.

माशातही तर्क तोच. झेब्राफिशची तीन-चार दिवसांची पारदर्शक पिल्लं ५ ते १० मायक्रोमोलर प्रोबमध्ये साधारण अर्धा तास ठेवतात, धुतात, ट्रायकेननं गुंगी देऊन मायक्रोस्कोपखाली पाहतात. कापाकापी नाही. फसगत होते ती पुढे: पिल्लाच्या पोटाशी असलेला पीतक (अंड्यातला बलक) स्वतःच चमकतो, म्हणून प्रोब न दिलेल्या पिल्लाचा फोटो त्याच सेटिंगवर हवाच. नंतर टीपीईएन देऊन जस्त काढून घ्यायचं; तरीही चमक टिकली तर ती जस्ताची नव्हे. शिवाय प्रोब जिथे जास्त साठतो तिथे धातू नसतानाही उजेड जास्त दिसू शकतो, म्हणून दोन रंगांचं गुणोत्तर मोजणारे प्रोब जास्त विश्वासाचे. काचेतून, रबरी हातमोज्यांतूनही जस्त येतं. भांडी आम्लानं धुतलेली प्लॅस्टिकचीच बरी.

आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म आधीच्या सप्टेंबरच्या सुमारास निघतात. पवईच्या आयआयटीसोबत मुंबई विद्यापीठाचं कलिना आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटी, यांचेही अर्ज भरावेत. पीएचडीसाठी कुलाब्याची टीआयएफआर ही संशोधन संस्था नजरेसमोर ठेवा, तिथे धातू ओळखणाऱ्या प्रोबवर काम चालतं. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. आणि पीएचडी नको वाटली, तरी सिंथेसिस येणाऱ्या मुलीला ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कंपन्यांच्या आर अँड डीत अर्ज करता येतो.