पोटातल्या बाळाची पहिली हालचाल आणि शिक्षेतला फरक

प्रश्न : भारतीय न्याय संहितेच्या ८८व्या कलमात गर्भपात घडवून आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, मात्र पोटातले बाळ हालू लागले असल्यास तीच कैद सात वर्षांपर्यंत वाढते. हा फरक कुठून आला आणि आज त्याला काही अर्थ उरला आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हा फरक इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आपल्याकडे आला. बाळ हालू लागते तेव्हा त्यात जीव येतो, ही तिथली जुनी धार्मिक समजूत त्यामागे होतीच. पण माझ्या मते पुराव्याची अडचण तितकीच महत्त्वाची होती. पाळी चुकण्याची कारणे अनेक असतात आणि सोनोग्राफी किंवा लघवीची तपासणी नसलेल्या काळात स्त्री गरोदर आहे हे खात्रीने सांगणारी खूण म्हणजे तिला स्वतःला जाणवलेली हालचालच होती. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६५ मध्ये लिहिले की, मूल आईच्या उदरात हालू शकते तेव्हापासून कायद्याच्या दृष्टीने त्याचे जीवन सुरू होते.

या खुणेवर प्रत्यक्ष फाशी अडत असे. मृत्युदंड झालेल्या स्त्रीने आपण गरोदर असल्याचे सांगितले, तर न्यायालय बारा जाणत्या स्त्रियांचे पंचमंडळ नेमून तिची तपासणी करवी. ती नुसती गरोदर असून भागत नसे; बाळ हालत असल्याचा निर्वाळा मिळाला, तरच फाशी लांबणीवर पडे. ही सवलतही एकदाच होती, म्हणजे बाळंतपणानंतर ती पुन्हा गरोदर राहिली तरी दुसऱ्यांदा फाशी थांबत नसे. गर्भातल्या जिवाची इतकी काळजी वाहणारा कायदा आईच्या बाबतीत किती कोरडा होता, हे यावरून दिसते. पंचमंडळाची ही पद्धत इंग्लंडमध्ये १९३१ पर्यंत कायद्यात होती. त्या वर्षीच्या कायद्याने गरोदर स्त्रीला मृत्युदंड देणेच बंद झाले.

गर्भपाताच्या गुन्ह्यात ही रेषा १८०३ च्या कायद्याने लेखी झाली : हालचाल सुरू झाल्यावर विष देऊन गर्भ पाडल्यास मृत्युदंड, त्यापूर्वी पाडल्यास फार तर चौदा वर्षे काळे पाणी. पुढे गर्भ आरंभापासूनच सजीव असतो, हालचाल हा त्याच्या वाढीतला निव्वळ एक टप्पा आहे, असे वैद्यकशास्त्रातले जाणकार सांगू लागले आणि १८३७ मध्ये इंग्लंडने हा भेद काढून टाकला. नवल असे की, त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८६० मध्ये, इंग्रजांनीच आपल्यासाठी केलेल्या दंडसंहितेच्या ३१२व्या कलमात तो शिल्लक राहिला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जवळजवळ त्याच शब्दांत उतरला.

खूण म्हणून हालचाल मुळातच अनिश्चित आहे. सोनोग्राफीत गर्भ सात-आठ आठवड्यांपासून हालताना दिसतो. पण पहिलटकरणीला ते साधारणपणे अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास जाणवते, आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीला त्याहून थोडे लवकर, आणि वार गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला असेल तर आणखी उशिरा. म्हणजे सारख्याच वाढीच्या दोन गर्भांना दोन वेगळ्या शिक्षा लागू शकतात, आणि हे मला गैर वाटते.

व्यवहारात मात्र १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या अटी पाळून नोंदणीकृत डॉक्टरने केलेला गर्भपात गुन्हाच ठरत नाही. तो कायदा हालचाल पाहत नाही, आठवडे मोजतो : २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, तर वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात गंभीर विकृती असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर ही मुदत आड येत नाही. त्यामुळे ८८व्या कलमातला तीन आणि सात वर्षांचा भेद उरतो तो या कायद्याच्या संरक्षणाबाहेर झालेल्या गर्भपातांपुरता.