लंडन, पण दुसऱ्यांदा : तुमचे प्रश्न

एप्रिल जवळ आला की लंडनचे प्रश्न यायला लागतात. यंदा गंमत अशी की विचारणारे बहुतेक जण एकदा जाऊन आलेले आहेत आणि परत निघालेत. मला हे प्रवासी जास्त आवडतात, कारण त्यांची यादी आधीच संपलेली असते.

प्रश्न : आम्ही दोघं २०१४ ला ग्रुप टूरने गेलो होतो. लंडन इतकं आवडलं की आता एप्रिलअखेर सहा दिवस फक्त लंडनच करतोय. टॉवर, लंडन आय, मेणाचे पुतळे सगळं झालंय. परत तेच बघायचं का? नातेवाईक हसतायत.

हसू द्या हो. तिकीट काढून बघितलेलं परत तिकीट काढून बघू नका एवढंच, फुकटचं मात्र परत बघा. बिग बेनचंच घ्या, तुम्ही बघितलं तेव्हा घड्याळाचे काटे काळे होते. २०१७ ते २०२२ अशी पाच वर्षं दुरुस्ती चालली, तेव्हा रंगाचे जुने थर काढल्यावर खाली मूळ निळा सापडला आणि आता काटे, आकडे सगळं निळं आहे. जुना फोटो मोबाईलवर उघडा आणि समोर धरून बघा, मजा येते.

पण सहा दिवसांतला एक अख्खा दिवस रिचमंड पार्कला द्या. भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाईनने रिचमंड, तिथून ६५ नंबरची बस, पीटरशॅम गेटला उतरायचं आणि टेकडी चढायची. वर पेम्ब्रोक लॉजच्या बागेत किंग हेन्रीज माऊंड नावाचा एक उंचवटा आहे, तिथल्या कुंपणाच्या झाडीत एक भोक राखलंय, अगदी दाराच्या फटीतून डोकावल्यासारखं, आणि त्यातून सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट दिसतो. १६ किलोमीटर लांबून! हा देखावा कायद्याने राखलेला आहे, मधे उंच बिल्डिंग उभी करून तो झाकता येत नाही. माझ्या पहिल्या ट्रिपला मी सेंट पॉल्सच्या दारात उभं राहून घाईघाईत सेल्फी काढला होता, खरं सांगते, घुमट मला पहिल्यांदा दिसला तो त्या भोकातूनच.

पार्कच्या दुसऱ्या भागात इझाबेला प्लांटेशन आहे, तळ्याच्या काठाने अझेलिया, गुलाबी जांभळ्या, आणि त्यांचा बहर साधारण एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला असतो, म्हणजे तुमच्या तारखा बरोबर बसतायत. चालणं भरपूर आहे, डबा घेऊनच जा. हरणं मोकळी फिरतात, त्यांच्यापासून ५० मीटर लांब राहायचा नियम आहे, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

प्रश्न : मागच्या वेळी व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्युझियममध्ये वाघनखं बघायची राहिली. या वेळी नक्की कुठल्या दालनात शोधू?

थांबा! ती वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात आली, पहिल्यांदा साताऱ्याच्या संग्रहालयात. तेव्हा निघायच्या आधी ती सध्या कुठे आहेत ते बघा, उगाच साताऱ्यावरून विमानतळ गाठून लंडनला शोधायला जाल. आणि ती महाराजांचीच होती हे सिद्ध करता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं, तेही मनात असू द्या.

प्रश्न : आपल्या माणसांशी संबंधित असं काही लंडनमध्ये एका दिवसात, चालत बघता येईल का? टूरवाल्यांनी काहीच दाखवलं नव्हतं.

येईल, आणि माझ्या मते वसंतातला लंडनमधला सगळ्यात छान पायी रस्ता हाच आहे. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनला उतरा. दोनचार मिनिटांवर १०, हाऊली प्लेस. घरावर गोल निळी पाटी, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले होते. चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरचा अब्रुनुकसानीचा दावा लढवायला ते आले होते, तो दावा हरले. घर खाजगी आहे, बाहेरूनच बघायचं, बेल वाजवू नका (वाजवणारे असतात!).

तिथून दोन पावलांवर लिटल व्हेनिस, कालव्यात रंगवलेल्या लांबट बोटी उभ्या असतात, काहींच्या टपावर कुंड्या. आता रीजंट्स कॅनॉलच्या काठाने पूर्वेकडे चालत सुटायचं. मधे एक बोगदा येतो, त्यातून पायवाट नाही, तेव्हा वर रस्त्यावर येऊन पलीकडे परत खाली उतरायचं, इथे बरेच जण चुकतात. पुढे रीजंट्स पार्कची कड, प्राणिसंग्रहालयाच्या मधून जाणारा कालवा, मग काठ सोडून प्रिमरोझ हिल. वर चढून अख्खं शहर बघा, आणि पलीकडे उतरून १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना इथे राहायचे. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. वेळा आधी बघून जा. रस्ता राहत्या घरांचा आहे, शांत आहे, ग्रुपने गेलात तर आवाज जपून. परतीला चॉक फार्म स्टेशन जवळ.

सगळं मिळून चार-पाच किलोमीटर, रमतगमत अर्धा दिवस.

प्रश्न : लंडनच्या बस-रेल्वेचं जुनं ऑयस्टर कार्ड कपाटात सापडलं, त्यात काही पाऊंड शिल्लक असावेत. चालेल का?

पैसे बुडत नाहीत, शिल्लक राहते. स्टेशनवरच्या मशीनला लावून बघा. पण आता नवीन ऑयस्टर घ्यायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस कार्डाला तेच भाडं पडतं आणि दिवसाची कमाल मर्यादा गाठली की पुढचे प्रवास फुकट. फक्त माणशी एक कार्ड, नवराबायकोत एक चालत नाही, आणि सकाळी फोन टॅप केला आणि संध्याकाळी तेच कार्ड पाकिटातून काढलं तर मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटतात, मर्यादा लागत नाही. बसला रोख घेत नाहीत. बसमध्ये चढतानाच टॅप, उतरताना नाही. ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, मात्र दोन्ही वेळा.

प्रश्न : या वेळी आई-बाबांना नेतोय, दोघं सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. ट्यूब झेपेल?

जुन्या स्टेशनांवर जिने खूप, त्यामुळे ट्यूबवर सगळं प्लॅन करू नका. एलिझाबेथ लाईन २०२२ मध्ये सुरू झाली, तिच्या सगळ्या स्टेशनांवर पायऱ्यांशिवाय जाता येतं आणि ती हीथ्रोवरून थेट शहरात येते, बॅगा असल्या तर हीच. बाकी फिरणं डबलडेकरने करा, आईंना वरच्या मजल्याचा हट्ट करू देऊ नका, खालीच बसवा. आणि कोव्हेंट गार्डन स्टेशनला लिफ्टपुढे रांग दिसली तरी जिन्याने जाऊ नका. तिथे १९३ पायऱ्या आहेत, बाहेर पाटी लावलीय, मी ती वाचूनही गेले होते. साधारण शंभराव्या पायरीला मी भिंतीला टेकून उभी आणि मागून येणारी शाळकरी पोरं "एक्स्क्यूज मी" म्हणत पुढे निघून गेली.

प्रश्न : ईस्टरच्या सुट्टीत पोचतोय. सगळं बंद असतं का?

सगळं नाही. गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या सरकारी सुट्ट्या, तरी मोठी म्युझियम्स बहुतेक उघडी असतात. शॉपिंग मात्र ईस्टर संडेला ठेवू नका, मोठी दुकानं त्या दिवशी कायद्यानेच बंद असतात, छोटी चालू. आणि रेल्वेची मोठी कामं याच वीकेंडला काढतात, शहराबाहेर जायचं असेल तर गाड्या आधी तपासा. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, एप्रिलच्या मध्याला आठच्या सुमारास सूर्यास्त होतो. म्हणजे म्युझियम बंद झाल्यावरही दोनतीन तास उजेड हातात असतो. जाकीट लागेलच, छत्रीपेक्षा टोपीवालं बरं, वाऱ्याने छत्री उलटते.